चारी काळे पडले तेव्हा

गुरुजी, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. रविवारची दुपार आहे, कुकरच्या शिट्ट्या झाल्या आहेत, आणि मी पोळ्या करायच्या सोडून तुम्हाला लिहायला बसले आहे. लिहून टाकणार कुठं, हा प्रश्न आहेच. पण गेले दहा-बारा दिवस एक गोष्ट घशात अडकली आहे. ती शाळेतल्या सरांना सांगता येत नाही, घरी सांगितली तर हे म्हणतील, "एवढंसं तर आहे, सोडून दे." तुम्ही सोडून दे म्हणाला नसता. तुम्ही आधी चष्मा काढला असता, धोतराच्या सोग्यानं पुसला असता, आणि मग माझी चांगली हजेरी घेतली असती. मला सध्या तेच हवं आहे.

तुमच्या वर्गातलं गणित म्हणजे पाढे. साखरखेर्ड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरची आपली ती दोन खोल्यांची शाळा, शेणानं सारवलेली जमीन, आणि प्रार्थना संपल्याबरोबर सुरू होणारं बे एके बे. पाढे झाले की अपूर्णांकांचे पाढे: पावकी, मग निमकी, मग दिडकी. निरगुडीची फोक टेबलावर आडवी पडलेली असायची आणि तुम्ही ती फार वेळा उचलायचा नाहीत, पण ती तिथं आहे हे आम्ही एक क्षण विसरत नव्हतो. चौथीत असताना मी निमकीत अडखळले. तुम्ही म्हणालात, "हात पुढं कर." मी हात पुढं केला आणि वर विचारलं, "पन गुरुजी, निमकी लागते कायले?" सगळा वर्ग गार पडला. माझ्या नाकावर तेव्हापासूनच राग होता. तुम्ही एक फोक मारलीत, उत्तर दिलं नाहीत, आणि मी त्या दिवशी घरी येऊन माईला सांगितलं की मी मोठी होऊन मास्तरीण होणार आणि कोणालाच पाढे म्हणायला लावणार नाही. माई हसली. मी मात्र ते विसरले नाही.

नोकरीची ऑर्डर आली तेव्हा पेढे घेऊन तुमच्याकडं आले होते, आठवतं? तुम्ही रिटायर झाला होता. स्वयंपाकघरात पाटावर बसून सुपात तुरीची डाळ निवडत होता, काकू चुलीपाशी होत्या. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मी खेळातून गणित शिकवणार, मुलं हसत शिकतील, माझ्या वर्गात फोक नसेल. तुम्ही खडा वेचून बाजूला टाकलात आणि म्हणालात, "पोट्टे हासले म्हंजे शिकले, असं कोनं सांगतलं तुले?"

मी म्हटलं, "रडले म्हंजे शिकले, असं तरी कोनं सांगतलं?"

काकूंचा हात तव्यावर थांबला. तुम्ही मात्र चिडला नाहीत. डाळीवरून नजर न काढता म्हणालात, "खेळ म्हनलं का कायदा आला. पाढा पोट्टं भेवाने पाठ करते, खेळाचा कायदा जीव लावून पाठ करते. म्हून तू कोनता कायदा शिकवून राह्यली ते आधी पाह्यत जाय. अन् शिकवला का मंग त्याच्या पाठीशी उभी राह्य." एवढं बोलून तुम्ही आत गेलात आणि तुमची शिसवीची फूटपट्टी आणून माझ्या हातात ठेवलीत. तिचं टोक झिजलेलं होतं. "एकच्या रेघेपासून मोजत जाय, अन् एक वजा करजो," असं बजावलंत. मी उलट बोलूनसुद्धा तुम्ही काहीतरी दिलंतच. पट्टी मी वापरली, उपदेश तेव्हा एका कानानं ऐकला आणि दुसऱ्यानं सोडला.

आता मी देऊळगाव राजाच्या अलीकडं एका गावात आहे. दोन शिक्षकी शाळा. तिसरी-चौथी सरांकडं, पहिली-दुसरी माझ्याकडं. व्हरांड्यात मी ऑइलपेंटनं मोठा अष्टाचंगाचा पट आखून घेतला आहे, पाच बाय पाचचा, घरं एवढी मोठी की सोंगट्यांऐवजी मुलंच त्यात उभी राहतात. फासे म्हणजे चार चिंचोके, मधून फोडलेले. एका बाजूनं पांढरे, दुसऱ्या बाजूनं काळे. तुम्हाला नियम सांगायची गरज नाही, पण सगळं त्यावरच अडलेलं आहे म्हणून पुन्हा सांगते. चिंचोके टाकायचे आणि पांढरे मोजायचे. एक पांढरा पडला तर एक घर, दोन पडले तर दोन, तीन पडले तर तीन. चारी पांढरे पडले की चंग, चार घरं. आणि चारी काळे पडले, एकसुद्धा पांढरा नाही, तर अष्टा. आठ घरं. सगळ्यात मोठं दान, आणि वर आणखी एक डाव. माझ्या वर्गात मुलं त्या आठ घरांसाठी जीव टाकतात.

त्यात एक मुलगी आहे, दुसरीतली. आली तेव्हा शंभरपर्यंत धडाधड म्हणून दाखवायची, गाणं म्हणावं तशी. पण पाचात तीन मिळवून किती, असं विचारलं की युनिफॉर्मची कॉलर तोंडात धरायची आणि जमिनीकडं बघत राहायची. सहा महिने मी तिच्या तोंडून गणिताचं एक उत्तर ऐकलं नव्हतं. पटावर उभी राहिल्यावर काय झालं कोण जाणे. आधी प्रत्येक घर बोटानं मोजत चालायची. मग एक दिवस तीन पडले आणि ती न मोजता सरळ तीन घरं पुढं जाऊन उभी राहिली. पुढं पुढं तर टाकायच्या आधीच सांगायला लागली, "मॅडम, मले पाच पायजे. चंग पडला का मंग एक, का मी घरात." चार आणि एक पाच, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी वर्गात तोंड फिरवून डोळे पुसले, गुरुजी. खोटं कशाला बोलू. आणि मग केंद्राच्या शिक्षण परिषदेत ती गोष्ट सगळ्या शिक्षकांसमोर रंगवून सांगितली, टाळ्या घेतल्या. तेही खोटं बोलत नाही.

तिचे वडील टेम्पो चालवतात. एका सकाळी टेम्पो शाळेच्या फाटकाशी लावून आत आले, चप्पल न काढता व्हरांड्यात थांबले आणि पटाकडं बघून म्हणाले, "हे काय शिकवून राह्यले मॅडम तुमी? पोरगी घरी आली का चिंचोके मांगते. काल तिच्या आजीसंग डाव मांडून बसली. पाटी नाई, पुस्तक नाई. आमच्या गल्लीत आधीच पाराखाली पत्ते कुटनारे कमी हाये का?"

मी समजावून सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "तुमच्या पोरीला बेरीज येते आता. तुम्हाला येते का, विचारा स्वतःला."

त्यांचा चेहरा उतरला. जाता जाता एवढंच म्हणाले, "ठीक हाये. मी सायबाले विचारतो. नाईतर देऊळगावची इंग्लिश शाळेची गाडी फाट्यावर येतेच." त्यांनी खरंच फोन केला. दोन दिवसांनी केंद्रप्रमुखांचा मला फोन आला. तक्रार आहे, गुरुवारी येतो, मुलांची तपासणी करतो, पालकांनाही बोलावलं आहे. आवाज सरळ होता, पण शेवटी म्हणाले, "मॅडम, मुलांना येत असेल तर प्रश्नच नाही. येत नसेल तर तो पट पुसून घ्या आणि पुस्तकावर या. मला वर उत्तर द्यावं लागतं."

म्हणजे काय पणाला लागलं होतं ते स्वच्छ होतं. ती मुलगी नीट बोलली तर पट राहणार, ती शाळेत राहणार. चुकली तर पट जाणार आणि तीही जाणार, त्या गाडीत बसून, कॉलर तोंडात धरून, जिथं तिला सहा महिने कोणी विचारणारसुद्धा नाही. मंगळवार-बुधवार मी काय केलं सांगू? खेळ बंद ठेवला आणि मुलांकडून पाढे घोकून घेतले. बे एके बे. सर दारातून डोकावून हसले, "काय मॅडम, जुना जमाना?" मी त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं की ते परत आलेच नाहीत. त्या दोन दिवसांत मी तीन मुलांवर विनाकारण खेकसले. एकाच्या वहीवर एवढी जोरात फुली मारली की कागद फाटला. जेवण जात नव्हतं, हातात खडू धरला की तुटत होता.

गुरुवारी साहेब अकराच्या सुमारास आले. स्कूटर सावलीत लावली, रुमालानं मान पुसली, चहा नको म्हणाले. वडील आधीच येऊन दारापाशी उभे होते, आज चप्पल बाहेर काढून. साहेबांनी वह्या चाळल्या. दोघातिघांना पाढे विचारले, मुलांनी म्हटले. बेरजा घातल्या, त्याही जमल्या. मला जरा श्वास आला. मग त्यांनी कोपऱ्यातला डबा उघडला, चिंचोके हातात घेतले आणि विचारलं, "यानंच खेळता का? ये गं बाळ, इकडं ये." नेमकं तिलाच बोलावलं. ती मुलगी पुढं झाली. कॉलर तोंडात नव्हती, हे मी पाहिलं. साहेबांनी चिंचोके मुठीत खुळखुळवले आणि टेबलावर टाकले.

चारी काळे.

"सांग बरं, पांढरे किती?"

"आठ!" ती म्हणाली. नुसती म्हणाली नाही, टाळी वाजवली. "अन् अजून एक डाव!"

मुलांना त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतंच. साहेबांनी भुवया वर केल्या आणि माझ्याकडं पाहिलं. दारातून "च्च" असा आवाज आला. साहेबांच्या हातात पेन होतं, त्याचं टोपण त्यांनी अंगठ्यानं काढलं. ते टोपण निघाल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी टेबलापाशी गेले. "नीट बघून सांग. पांढरे किती आहेत?"

"आठ, मॅडम."

मी तिचा दंड धरला. मारलं नाही, गुरुजी, पण ज्या जोरानं धरला त्यानं ती एक पाऊल माझ्याकडं ओढली गेली. "कुठं आहे पांढरा? दाखव. एक तरी दिसतो का? नाही ना? मग काहीच नाही म्हणजे किती? शून्य. म्हण, शून्य."

ती चिंचोक्यांकडं बघतच नव्हती. माझ्याकडं बघत होती.

"म्हण."

"शून्य."

"मोठ्यानं. साहेबांना ऐकू येऊ दे."

"शून्य."

"पुन्हा."

तिसऱ्यांदा ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, कारण तिचे वडील आत आले होते. "थांबा मॅडम. सोडा तिले." ते टेबलापाशी येऊन वाकले, चिंचोक्यांवर बोट ठेवलं. "साहेब, पोरगी चुकली नाई. चारी काळे म्हंजे अष्टा. अष्ट्याचे आठ. आमी नाई का खेळलो लहानपनी? खेळात हे आठच मोजतेत." मग जरा थांबून म्हणाले, "तिनं बरोबर सांगतलं."

ज्या माणसानं खेळाची तक्रार केली तोच उभा राहून खेळाचा नियम सांगत होता. आणि तो नियम त्या पोरीला शिकवणारी मी, तिचा दंड धरून उभी होते. साहेब आधी गोंधळले आणि मग खो-खो हसले. "अरे हो की! आमच्याकडंही आठच धरायचे. मी विचारलंच चुकीचं." त्यांनी तिला आपल्याकडं वळवून विचारलं, आठ आणि तीन किती, अकरातून चार गेले तर किती. ती उत्तरं देत गेली, हळू, पण सगळी बरोबर. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं की उपक्रम स्तुत्य आहे, चालू ठेवावा. मग चहाही घेतला. वडिलांनी जाताना पटाच्या कडेला पाय न लावता वळसा घातला आणि म्हणाले, "राहू द्या पोरगी इथंच." मग चप्पल पायात सरकवता सरकवता त्यांनी सहज विचारलं, रागानं नाही, "पन मॅडम, तुमीच तर शिकवता हे. तुमाले माईत नव्हतं काय?"

"घाईत लक्षातच आलं नाही हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पटलं त्यांना. माणसं चांगली असतात, पटकन पटवून घेतात. सरांनी अभिनंदन केलं, संध्याकाळी केंद्राच्या ग्रुपवर साहेबांनी पटाचा फोटो टाकला, सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी जिंकले, गुरुजी. पट राहिला, मुलगी राहिली, माझा मान राहिला. त्या रात्री मला गाढ झोप लागली, तेही सांगून टाकते.

सोमवारी खेळ पुन्हा सुरू केला. ती रांगेत उभी राहिली, नाही म्हणाली नाही. तिची पाळी आली. तिनं चिंचोके टाकले, दोन पांढरे पडले, ती दोन घरं चालली. मला बरं वाटलं. मग बुधवारी पुन्हा तिची पाळी आली, आणि तिचे चारी काळे पडले. बाकीची पोरं नाचायलाच लागली, "अष्टा! अष्टा!" आठ घरं चालली असती तर ती सरळ मधल्या घरात गेली असती, डाव तिचाच होता. ती चिंचोक्यांकडं बघत उभी राहिली. मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "शून्य." आणि चिंचोके उचलून पुढच्या पोराच्या हातात दिले. आपल्या घरातून एक पाऊल हलली नाही.

"अबे, आठ हाये ते!" पोरं ओरडली. "चाल ना!"

ती नाही चालली. सगळ्या वर्गानं माझ्याकडं बघितलं, आता मॅडम सांगतील म्हणून. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की बाळा, ते आठच आहे, त्या दिवशी मी चुकीचं बोलले. एवढे चार शब्द. तेवढ्यात खिचडीची घंटा झाली आणि मी म्हटलं, "चला, ताटं घ्या, रांग करा." मुलं धावली. तीही गेली. शुक्रवारी तेच झालं. तिला आता नियम पक्का झाला आहे की मोठं माणूस समोर असलं की काळ्याचं शून्य. सांगायचं रोज ठरवते, गुरुजी, पण तोंड उघडत नाही.

काल पटापाशी एकटीच उभी असताना मला तुमचं एक फार जुनं आठवलं, जे इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं. तुम्ही एकदा फळ्यावर भागाकार चुकलात. मागच्या बाकावरच्या पोरानं भीत भीत सांगितलं. तुम्ही फळ्याकडं बघितलंत, खडू ठेवलात, आणि चुकणाऱ्या पोरांना जिथं उभं करायचा त्या खिडकीजवळच्या जागेवर जाऊन स्वतः उभे राहिलात. पूर्ण तास. तिथूनच शिकवलंत. आम्ही हसू दाबून मेलो. घरी जाऊन सगळ्यांनी ती गंमत सांगितली. आम्हाला ती गंमतच वाटली. इतक्या शिस्तीच्या माणसाला चार टपोरी पोरांसमोर तिथं उभं राहायला काय लागलं असेल, हे मला आता कळतं, कारण मला ते जमत नाहीये. तुमच्या फोकेबद्दल मी आयुष्यभर बोलले, शिक्षण परिषदेत उदाहरण म्हणूनही दिलं. खिडकीबद्दल मी कोणालाच सांगितलं नाही.

उद्या सोमवार आहे. पट धुऊन ठेवायला सांगितला आहे. ती येईल, रांगेत उभी राहील, कदाचित पुन्हा चारी काळे पडतील, कदाचित पडणारही नाहीत. मी काय करीन ते तुम्हाला लिहून देत नाही, कारण असं लिहून दिलेलं मी आजवर फारसं पाळलेलं नाही. पोळ्या करायच्या आहेत, हे दोनदा डोकावून गेले. पत्र घडी करून डब्याखाली ठेवीन, नाहीतर फाडीन.

फक्त एक गोष्ट, जी तिच्या वडिलांना सांगितली नाही, साहेबांना नाही, घरीही नाही. मला माहीत होतं, गुरुजी. साहेबांच्या हातून चिंचोके टेबलावर पडले, आणि तिनं तोंड उघडायच्या आधी मी मनातल्या मनात आठ म्हटलं होतं.